"तिकडे एकटं वाटत असेल ना रे?"

दर आठवड्याला घरी व्हिडिओ कॉल होतो, तेव्हा कुणी ना कुणी नातेवाईक आईच्या मागून डोकावतो आणि हा प्रश्न येतोच. मी "नाही हो मावशी" म्हणतो आणि बोलणं आईच्या गुडघ्यांकडे वळतं. खरं उत्तर दोन मिनिटांत सांगण्यासारखं नाही, म्हणून आज लिहायला बसलोय. मिशनरी म्हणून परदेशात आल्यापासून एकटेपणा माझ्या वाट्याला आलेलाच नाही. आंघोळीची वेळ सोडली तर मी कधीच एकटा नसतो, आणि या आयुष्यात जड जातं ते नेमकं हेच.

आधी थोडी माहिती, कारण "मिशनरी" म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर पांढरा झगा आणि दाढी येते. मी द चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्सचा आहे. बाहेरचे लोक आम्हाला मॉर्मन म्हणून ओळखतात. १८३० साली अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्यात हे चर्च सुरू झालं. मुख्यालय युटा राज्यात, सॉल्ट लेक सिटीला आहे. आमच्यातली मुलं २४ महिने आणि मुली १८ महिने मिशनवर जातात. पूर्वी मुलांना १९ वर्षं पूर्ण व्हावी लागत. २०१२ साली ही अट १८ वर आली, त्यामुळे आता बरेच जण शाळा संपवून थेट इकडेच येतात. पगार नसतो. स्वतःची बचत, घरच्यांची मदत आणि गरज पडली तर आपल्या गावच्या चर्चमधल्या लोकांचा हातभार, यावर सगळं चालतं. कुठल्या देशात जायचं हे आपल्या हातात नसतं. अर्ज भरायचा, डॉक्टर आणि दाताच्या डॉक्टरकडून तपासून घ्यायचं आणि वाट बघायची. मग एक पत्र येतं. त्यात देश, भाषा आणि तारीख लिहिलेली असते. "नको, दुसरं बघा" म्हणायची पद्धत नाही.

निघण्याआधी प्रशिक्षण असतं. सगळ्यांत मोठं केंद्र युटातल्या प्रोव्होला आहे, पण इतर खंडांतही आहेत. भाषा नवी असेल तर जास्त आठवडे, नसेल तर कमी. तिथे शिकलेल्या भाषेत छान प्रार्थना करता येते, पण नळ गळतोय हे घरमालकाला सांगता येत नाही. ते पुढे रस्त्यावर शिकायचं.

लोकांना देशाचं फार अप्रूप असतं. २०२४ साली जगभरात आमची ४५० मिशन, म्हणजे मिशनरींच्या कामाचे विभाग, झाली आणि मिशनरी ७०,०००च्या वर होते, पण यातल्या कुणाचीही दिनचर्या काढून बघा, फरक शोधावा लागेल. सकाळी साडेसहाला उठायचं, व्यायाम, नाश्ता, मग स्वतःचा अभ्यास, नंतर जोडीने अभ्यास, भाषेचा अभ्यास आणि दिवसाची आखणी. त्यानंतर बाहेर. रात्री साडेदहाला दिवे बंद. टीव्ही नाही, सिनेमा नाही, कुणाबरोबर फिरायला जाणं नाही. म्हणजे विमानाने अर्धं जग ओलांडून यायचं आणि राहायचं मात्र एका वेळापत्रकात. प्रेक्षणीय स्थळांचे फोटो माझ्याकडून फारसे येत नाहीत, त्याचं कारण हे आहे.

आणि या वेळापत्रकात जोडीला असतो कम्पॅनियन. मिशनरी कायम जोडीनेच राहतात. नियम असा की तो तुम्हाला दिसला पाहिजे आणि त्याचा आवाज ऐकू आला पाहिजे. एकच खोली, एकच टेबल, एकच बस. त्याची निवडही मिशन प्रेसिडेंट, म्हणजे आमच्या विभागाचे प्रमुख करतात, आपण नाही. साधारण दर सहा आठवड्यांनी बदल्यांची यादी निघते. त्यात कुणाचं गाव बदलतं, कुणाचा कम्पॅनियन, कुणाचं दोन्ही. जुळलं तर मजा. नाही जुळलं तर दीड महिना एका अनोळखी माणसाच्या घोरण्याची लय पाठ होते.

दर आठवड्याला पुढची आखणी झाली की दोघांनी समोरासमोर बसून एकमेकांविषयी बोलायचं असतं. काय चांगलं चाललंय, काय खटकतंय, काय सुधारायचं. ऐकायला सोपं वाटतं. प्रत्यक्षात सुरुवातीला दोघंही टेबलाच्या कडेकडे बघत बसतात. माझा सध्याचा कम्पॅनियन शेतावर वाढलेला, मोजकं बोलणारा आहे. त्याने एकदा वही उघडली, त्यात लिहून आणलेलं वाचलं आणि वही बंद केली. वाचलेलं एवढंच: "लोक प्रश्न विचारतात तेव्हा तू त्यांचं वाक्य संपायच्या आत उत्तर देतोस. माझंही." मी लगेच काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि त्याने फक्त भुवई वर केली. मग दोघंही हसलो. घरात आई, बहीण, शिक्षक, सगळ्यांनी मला हे वर्षानुवर्षं सांगितलंय. पण त्यांच्यापासून उठून दुसऱ्या खोलीत जाता यायचं. इथे दुसरी खोलीच नाही.

बाहेर पडल्यावर आम्ही काय करतो? खरं सांगायचं तर बराच वेळ चालतो आणि वाट बघतो. भेट ठरलेली असते, तिथे पोचलो की घर बंद. फोन केला तर "अरे, आज होती का?" दारावरची बेल वाजवून ओळख करून देणं हे कामाचं सगळ्यांत प्रसिद्ध रूप, पण आताशा ओळखीतून आणि ऑनलाइन भेटलेले लोकही खूप असतात. दारांचा मात्र स्वतःचा असा एक अभ्यास आहे. बेल दाबली की दोन पावलं मागे सरकायचं, म्हणजे आतल्या माणसाला दडपण येत नाही. छातीवरची नावाची काळी पट्टी दिसेल असं उभं राहायचं. पडदा हलतो आणि दार उघडत नाही, हा सर्वांत नेहमीचा अनुभव. कुणी साखळी न काढता फटीतूनच "नको" म्हणतो, कुणी वाद घालायची हौस भागवून घेतो. एक आजोबा आम्हाला आनंदाने आत बोलावतात, देवाबद्दल एक अक्षर बोलू देत नाहीत आणि तासभर माझे उच्चार दुरुस्त करतात. माझी भाषा सुधारली त्याचं निम्मं श्रेय त्यांना.

आत बोलावलं की पुढचा पेच म्हणजे पाहुणचार. चहा, कॉफी, दारू, तंबाखू आम्हाला वर्ज्य आहे. हा नियम १८३३ सालचा. समोरचा माणूस मायेने कप पुढे करतो आणि नाही म्हणावं लागतं. मी आत शिरताशिरताच पाणी मागून टाकतो. निम्मा प्रश्न तिथेच सुटतो.

आता तो दुसरा प्रश्न, जो मावशी विचारत नाहीत पण काका विचारतात: "म्हणजे तू लोकांना बाटवायला गेलायस?" चिडायचं कारण नाही, प्रश्न रास्त आहे. मी माझ्या श्रद्धेबद्दल सांगायला आलोय, हे लपवण्यात अर्थ नाही. ज्याला ऐकायचंय त्याला आम्ही धडे देतो, त्याने स्वतः वाचावं आणि प्रार्थना करावी असं सांगतो. बाप्तिस्मा घ्यायचं ठरलं तर त्याआधीची मुलाखत शिकवणारा मिशनरी घेत नाही, दुसरा घेतो. अल्पवयीन असेल तर आईवडिलांची परवानगी लागते. ही व्यवस्था मला पटते, कारण विशीतल्या मुलाचा उत्साह हा प्रकार भरवशाचा नाही. दर आठवड्याला किती जणांना भेटलो, किती जण चर्चला आले याचे आकडे आम्ही कळवतो, आणि आकडे आले की माणूस आकड्यांच्या मागे लागतोच. म्हणून मुलाखतीचं आणि परवानगीचं अशी दोन दारं मध्ये असलेली बरी. बहुतेक लोक आमचं ऐकून पुन्हा आपल्या आयुष्याला लागतात. त्यांतल्या काहींचं सामान हलवायला, बाग साफ करायला आम्ही तरीही जातो, आणि माझे सगळ्यांत चांगले दिवस तेच.

आठवड्यातून एक दिवस तयारीचा असतो, पी-डे. कपडे धुणं, किराणा, केस कापणं, थोडा खेळ, आणि घरी फोन. संध्याकाळी सहाला परत कामावर. हा साप्ताहिक फोनही नवीनच आहे. फेब्रुवारी २०१९ पर्यंत मिशनरींना वर्षातून दोनदाच घरी फोन करता यायचा, ख्रिसमसला आणि मदर्स डेला. बाकी पत्रं आणि ईमेल. त्या काळात जाऊन आलेले लोक आम्हाला "लाडावलेले" म्हणतात. मला मात्र कधीकधी वाटतं की त्यांचं बरं होतं. दर आठवड्याला घर समोर दिसतं आणि दर आठवड्याला ते बंद करावं लागतं. तरी हा फोन मी कुणाला देणार नाही.

फोनवर मी मराठीत बोलतो, तेव्हा कम्पॅनियन त्याच खोलीत हातभर अंतरावर असतो, आपल्या घरच्यांशी बोलत किंवा मोजे जुळवत. त्याला माझं एक अक्षर कळत नाही. मी त्याच्या घोरण्याबद्दल तक्रार करू शकतो, रडू शकतो, आईशी उगाच भांडू शकतो. दार लावून बसण्याची माझी एकमेव खोली म्हणजे मराठी. मिशनवर दुसरा मराठी बोलणारा भेटला नाही याचं सुरुवातीला वाईट वाटायचं. आता भेटू नये असंच वाटतं.

बदल्यांची यादी येत्या शनिवारी आहे. दोघांपैकी कोण जाणार यावर आमची पैज लागलीय. जुगाराला चर्चची मनाई, म्हणून पैसे लावलेले नाहीत. हरणाऱ्याने पुढचे सहा आठवडे या घरातली भांडी घासायची असं ठरलंय. मी म्हणतोय मी राहणार, तो म्हणतोय तो राहणार. यादी निघाली की जो हरेल तोच इथे नसेल, हे आमच्या आत्ता लक्षात आलं. नवीन नियम ठरवायचं काम चालू आहे.