झुंबरांखाली देवाणघेवाण

काल पुण्यात विद्यार्थी-देवाणघेवाणीच्या शिष्यवृत्त्यांसाठी निधी उभारायचं डिनर होतं. झुंबरं, सूट, पैठण्या. ‘वसुधैव कुटुंबकम्’ इतक्यांदा ऐकू आलं की शेजारच्या काकूंनी मोजणंच सोडलं.

पण कुणीतरी एएफएस (अमेरिकन फील्ड सर्व्हिस) या विद्यार्थी-देवाणघेवाण करणाऱ्या संस्थेची गोष्ट सांगितली आणि मी कान टवकारले. पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये जखमींना रुग्णवाहिकेतून नेणारे हे अमेरिकी स्वयंसेवक. दुसऱ्या महायुद्धातही तेच काम. ते संपल्यावर या चालक मंडळींनी ठरवलं, आता पोरांनाच एकमेकांच्या घरी राहायला पाठवू. १९४७ मध्ये पहिली शाळकरी मुलं अमेरिकेत आली. युद्ध जवळून बघितलेल्यांनाच हे सुचावं!

खरं काम मंचावर होतच नाही, ते घरात होतं. आमच्याकडे राहिलेली इटालियन मुलगी सुरुवातीला पिठलं बघून गप्प बसायची. जाताना मात्र लसणाच्या चटणीसाठी आईशी भांडली, बॅगेचं वजन आधीच जास्त झालेलं असताना.

लिलावात एक चित्र भलत्याच किमतीला गेलं. (मला तरी ते उलटं टांगल्यासारखं वाटलं.) असो, त्या पैशांत एखादं पोर बाहेर जाऊन येईल. यजमान घरं मात्र कमी पडताहेत म्हणे. कुणाकडे एखादी खोली रिकामी असेल तर इनबॉक्समध्ये या.