पापलेटचा भाव मावशी ठरवत नाही

मासे विकणाऱ्या कोळणीकडे पापलेटचा भाव ऐकून "मावशी, काय लुटता काय" म्हणणारे लोक बघितले की मला खरंच राग येतो. अहो तो भाव धक्क्यावर ठरतो. पहाटे तीन-चारला उठून मुंबईतलं ससून डॉक नाहीतर भाऊचा धक्का, म्हणजे जिथे बोटी मासळी उतरवतात ते बंदर गाठायचं, लिलावात चांगला माल एक्सपोर्टवाले आणि मोठे व्यापारी उचलतात, उरलेल्यावर बोली लावायची, ती पण बरेचदा उधारीवर, मग बर्फ, हमाली, टेम्पोचं भाडं, म्हणजे ओट्यावर बसून भवानी व्हायच्या आधीच खिसा रिकामा. आणि संध्याकाळपर्यंत वाटे खपले नाहीत तर परत बर्फात घाला, दुसऱ्या दिवशी पडेल त्या भावाला द्या.

त्यात बाजारच हलवतात! 2021 मध्ये दादरचा सेनापती बापट मार्गावरचा मासळी बाजार पालिकेने पाडला आणि घाऊकवाल्यांना पार नवी मुंबईतल्या ऐरोलीला जायला सांगितलं. आता दादर-माहीमची बाई, जिचं गिऱ्हाईक पिढ्यानपिढ्याचं आसपासच्या चाळींतलं, तिने पाटी भरायला रोज ऐरोलीला जायचं आणि परत यायचं? त्या भाड्यात तिचा नफाच जातो. कोळणींनी तेव्हा आवाज उठवला होता, पण दोन दिवस टीव्हीवर दिसलं आणि आपण सगळे विसरलो.

संडासाबद्दल तर कोणी बोलतच नाही. दिवसभर ओल्या फरशीवर बसलेल्या बायका मुद्दाम पाणी कमी पितात कारण जवळपास धड जागा नाही, आणि असली तरी माल कोणाच्या भरवशावर टाकून जाणार?

1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद, ती असायलाच हवी, अंडी घालायचा सीझन असतो. पण लगेच श्रावण, मग गणपती, गिऱ्हाईक अर्धं. वर आता ॲपवाले साफ केलेली सुरमई घरपोच देतात. मावशी पण साफ करूनच देते हो, शिवाय कालवणाला कुठला तुकडा, तळायला कुठला, ते सांगते, डोकं वेगळं बांधून देते.

मंडई नवीन बांधाल तेव्हा ओटे तळमजल्यावरच द्या, पाणी, गटार, शीतगृह आणि बायकांचा संडास नकाशातच दाखवा, आणि बांधकाम चालू असताना त्यांना त्याच वॉर्डात बसवा. पाट्या डोक्यावर घेऊन दुसऱ्या मजल्यावर कोण चढणार, आणि गिऱ्हाईक तरी वर येणार का?