तुम्ही विचारलंत म्हणून: ते रंग खरे असतात का?

कृष्णधवल फोटोत एआयने भरलेले रंग खरे असतात का? नाही. तो अंदाज असतो, कधी नेमका, कधी चक्क ठोकून दिलेला.

कागदावर रंग उरलेलाच नसतो, उरलेला असतो फक्त उजेड. ० (काळा) ते २५५ (सर्वांत उजळ) या मापावर लाल २००, हिरवा ६०, निळा ६० असा लालसर कपडा करडा केला की साधारण १०२ येतो. ६०, १३०, ६० असा हिरवा केला की १०१. डोळ्याला दोन्ही एकच. लाखो रंगीत फोटो करडे करून 'आता रंग ओळख' असं शिकवलेल्या मॉडेललाही यातून वाट सापडत नाही. गवत, आकाश, त्वचा जमतात. कपडे, भिंती, गाड्या नशिबावर. खात्री नसली की बरीच मॉडेलं सगळ्या शक्यतांची सरासरी काढतात. तो ओळखीचा मळकट तपकिरी रंग येतो तो इथूनच.

फोटो फार जुना असेल तर आणखी एक घोळ. ऑर्थोक्रोमॅटिक या जुन्या कृष्णधवल फिल्मला लाल रंग जवळजवळ दिसतच नसे आणि निळा जास्तच उजळ दिसे. म्हणून ओठ काळपट, आकाश पांढरंफटक. मॉडेलला हे ठाऊक नसतं. ते लाल कपड्याला बिनधास्त काळा किंवा गडद निळा ठरवतं.

आता कृती. पोस्टकार्डाएवढा फोटो ६०० डीपीआयला (दर इंचाला ६०० ठिपके), पासपोर्ट आकाराचा १२०० ला स्कॅन करा. फाइल १६ बिट टिफ (तपशील न गमावणारा फाइल प्रकार), स्कॅनरची 'ऑटो' सुधारणा बंद. फोटो पिवळा पडला असला तरी स्कॅन रंगीतच हवा: पिवळे डाग लाल चॅनलमध्ये (चित्राच्या फक्त लाल भागात) सर्वांत कमी दिसतात, तोच चॅनल घेऊन करडी प्रत बनवा. ओरखडे आधी काढा. चेहऱ्यावरून गेलेली पांढरी चीर मॉडेलला वस्तूची कड वाटते आणि दोन गालांना दोन रंग मिळतात.

डीओल्डिफाय हे फोटो रंगवणारं एआय साधन वापरत असाल तर त्यातला 'रेंडर फॅक्टर' हा आकडा समजून घ्या. त्याला १६ ने गुणलं की मॉडेल किती पिक्सेल बाजूच्या चौकोनावर रंग ठरवतं ते कळतं. ३५ म्हणजे ५६०. धूसर, खराब फोटोला कमी आकडा मानवतो. स्वच्छ फोटोला मोठा चालतो, पण रंग थोडे फिके पडतात.

निकाल आहे तसा ठेवू नका. फोटोशॉपसारख्या सॉफ्टवेअरमध्ये खाली मूळ करडी प्रत, वर रंगीत थर त्याच मापाचा, ब्लेंड मोड (थर मिसळायची पद्धत) 'कलर', अपारदर्शकता ७०–८० टक्के. तपशील मूळचा राहतो, रंग तेवढा नवा येतो. रंगाच्या बारकाव्यांबाबत डोळा तसा आळशी असल्याने लहान आकाराचा रंगथर ताणूनही खपतो. कानाशी, बोटांच्या फटीत रंग सांडतोच. तिथे मास्क लावून रंगथराचा तेवढा भाग झाका.

गप्पा मारणाऱ्या एआयला 'रंगव' म्हटलंत, तर बरेचदा ते चेहराच नव्याने काढतं. ओळख पटते, पण माणूस तो नसतो. निकाल करडा करून मूळ प्रतीवर 'डिफरन्स' मोडमध्ये ठेवा, म्हणजे दोन्हींत जिथे फरक आहे तेवढंच उजळ दिसेल. उजेडातला एकसारखा फरक चालेल, पण डोळ्यांच्या आणि ओठांच्या कडा चमकल्या तर तो टाकून द्या.

कपड्याचा रंग कुणाला पक्का आठवत असेल, तर तेवढा भाग 'कलर' मोडच्या वेगळ्या थरावर हाताने रंगवा. फोटोत तो फार गडद दिसतो म्हणून आठवण लगेच खोडू नका. आधी फिल्म कोणती असेल ते बघा.