जॉब गार होऊ द्या

सिलिंडरचं खालचं तोंड अंगठ्याने घट्ट दाबून धरायचं आणि वरून पिस्टन आत सोडायचा. जमलेला पिस्टन पडत नाही, उतरतो. खाली कोंडलेल्या हवेला कडेने निसटायला जेमतेम वाट असते, म्हणून तो जुन्या इमारतीतल्या लिफ्टसारखा रेंगाळत खाली येतो. अंगठा काढला की मात्र सुळकन बाहेर. माझा पहिला पिस्टन अंगठा दाबलेला असताना टप्पकन येऊन अंगठ्यावरच आदळला. दुसरा अंगठ्याची फारशी पर्वा न करता खाली आला. तिसरा आतच जाईना.

तीस वर्षं ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवलं. हीट इंजिनाचा धडा आला की फळ्यावर वर एक चौकोन, खाली एक चौकोन, मधे गोल आणि तीन बाण. मग 1824 सालचा फ्रेंच इंजिनिअर कार्नो आणि इंजिनाची कार्यक्षमता जास्तीत जास्त किती असू शकते ते सांगणारं त्याचं सूत्र. त्याच्याही आठ वर्षं आधी, 1816 साली, रॉबर्ट स्टर्लिंग नावाच्या स्कॉटलंडमधल्या पाद्र्याने गरम हवेवर चालणाऱ्या इंजिनाचं पेटंट घेतलं होतं, हेही मी दरवर्षी न चुकता सांगायचे. तसलं इंजिन चालताना स्वतः मात्र एकदाही पाहिलं नव्हतं. निवृत्त झाल्यावर ही गोष्ट टोचायला लागली. विकत मिळतात, पण विकत घ्यायचं तर मग ते पाहणं आणि पोरांनी फळ्यावरचे बाण उतरवून घेणं यात फरक काय?

म्हणून इंजिन स्वतःच करायचं ठरवलं आणि उद्यमनगर या कोल्हापूरच्या कारखान्यांच्या भागातून एक जुना, अडीच फुटी लेथ आणला, धातूचा तुकडा फिरवत ठेवून कापायचं यंत्र. अर्ध्या हॉर्सपॉवरची मोटर, घरच्या विजेवर चालणारी. मागच्या पडवीत वॉशिंग मशीन होतं, ते बाथरूममध्ये गेलं. त्याबद्दल घरात जे बोलणं झालं ते इथे लिहीत नाही. लेथच्या क्रॉस स्लाइडला, म्हणजे कापणारं टूल आडवं सरकवणाऱ्या भागाला, भरपूर बॅकलॅश होता. हँडल जवळजवळ पाव फेरा रिकामं फिरायचं आणि मग टूल हलायचं. त्यावर उपाय एकच, मापावर नेहमी एकाच बाजूने यायचं. पुढे गेलात तर दोन रेघा मागे येऊन भागत नाही, अख्खा फेरा मागे जाऊन पुन्हा पुढे या.

हे मला मामांनी शिकवलं. मामा म्हणजे आमच्या गल्लीच्या टोकाला राहणारे टर्नर. हयातभर उद्यमनगरात ऑइल इंजिनाचे पार्ट काढले, आता ऐंशीच्या घरात आहेत. लेथ आल्याचा आवाज ऐकूनच ते आले असावेत. दारात चपला काढल्या, लेथकडे बघितलंही नाही, माझ्या हातांकडे बघितलं.

"म्याडम, बांगड्या काढा आदी. घड्याळ बी. ओढणी तर अजिबात न्हाई."

तेव्हापासून पडवीत मी मुलाचा जुना अर्ध्या बाह्यांचा शर्ट आणि पँट घालते, केस वर घट्ट बांधते. जॉब, म्हणजे कापायचा तुकडा, धरून फिरवणारा चक सेकंदाला दहा-बारा फेरे घेत असतो. त्यात एखादा धागा अडकला तर मोटर विचारायला थांबत नाही.

इंजिन तसं साधं आहे. एका बंद नळीत हवा. नळीचं एक टोक स्पिरिटच्या दिव्यावर, दुसरं गार. आत एक सैल, हलका डबा मागेपुढे सरकतो. त्याला डिस्प्लेसर म्हणतात. तो स्वतः काही काम करत नाही, फक्त हवेला गरम टोकाकडून गार टोकाकडे आणि परत ढकलत राहतो. हवा तापली की दाब वाढतो, निवली की उतरतो, आणि त्या चढउतारावर शेजारच्या सिलिंडरातला पिस्टन फ्लायव्हील नावाचं जड चाक फिरवतो. ना व्हॉल्व्ह, ना स्पार्क, ना स्फोट. पण म्हणूनच जोर अगदी बेताचा. पेट्रोल इंजिन थोडंफार घासलं तरी खपवून घेतं, हे घेत नाही. एवढ्याशा दाबातली निम्मी हवा पिस्टनच्या कडेने गेली किंवा निम्मा जोर घासण्यात गेला की संपलं.

सिलिंडर आणि पिस्टन दोन्ही बिडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे, करायचे ठरवले. माझा एक जुना विद्यार्थी शिरोलीला सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारं कापायचं यंत्र, चालवतो. तो म्हणाला, "बाई, ड्रॉइंग पाठवा, अर्ध्या तासात सगळे पार्ट देतो." मी त्याच्याकडून फक्त बिडाचा एक तुकडा घेतला. बीड वरून खडबडीत असतं, कातडी कडक असते आणि त्यात साच्यातली वाळूही अडकलेली असते. भीत भीत पातळ कट घेतला की टूलची धार त्या कातडीवरच घासून मरते. पहिलाच कट कातडीच्या खाली गेला पाहिजे. एकदा आत शिरलं की बीड लोण्यासारखं कापतं, तेही कोरडं, तेल-पाणी काही नको. त्याची लांब वेटोळी निघत नाहीत, काळा भुगा पडतो. त्यातलं ग्रॅफाइट हाताला, कपाळाला, नाकात. त्या दिवशी संध्याकाळी मी काळी शिंकत होते.

सिलिंडरचं भोक, म्हणजे बोअर, 16 मिलिमीटरचा. ड्रिल, मग बोअरिंग, शेवटी रीमर, भोक नेमक्या मापाला आणणारं हत्यार. रीमर फिरवला की माप आपोआप येतं, असं पुस्तकात लिहिलंय. पुस्तकातला टेलस्टॉक, म्हणजे लेथच्या दुसऱ्या टोकाचा रीमर धरणारा भाग, सरळ असतो. माझा चकाच्या रेषेत नव्हता, त्यामुळे रीमर तोंडाशी डुलला आणि बोअर सनईसारखा झाला, तोंडाला पाच शतांश मिलिमीटर मोठा आणि आत जेमतेम एक.

मग लॅपिंग, म्हणजे पेस्टने घासून बोअर सारखा करणं. पितळेचा एक दांडा बोअरपेक्षा किंचित बारीक टर्न केला, टोकाला करवतीने चीर पाडली आणि मधे निमुळता स्क्रू बसवला. स्क्रू आवळला की दांडा फुगतो. त्याला गाडीचे व्हॉल्व्ह बसवायची ग्राइंडिंग पेस्ट फासली, चकात धरून हळू फिरवला आणि सिलिंडर हातात धरून त्यावर मागेपुढे, मागेपुढे. पितळ बिडापेक्षा मऊ, म्हणून पेस्टचे कण पितळेत रुतून बसतात आणि बिडाला खातात. सुरुवातीला हात एका जागी अडखळतो. तीच बोअरची अरुंद जागा. तिथे जरा जास्त वेळ द्यायचा. तासाभराने अडखळणं गेलं आणि टोकापासून टोकापर्यंत सारखाच, दाट असा विरोध लागायला लागला. त्या क्षणी कळलं की बोअर सरळ झाला, मायक्रोमीटर हातात घ्यायच्या आधीच. आत बघितलं तर राखाडी, मंद चमक. माप 16.06.

मग रॉकेलने धुतलं, साबणाच्या गरम पाण्याने धुतलं, कारण पेस्टचा एक कण राहिला तरी इंजिन आयुष्यभर स्वतःलाच लॅपिंग करत बसेल. पुसून ठेवलं आणि झोपले. जुलै महिना, कोल्हापूरचा पाऊस. सकाळी बोअर तांबडा. पुन्हा लॅपिंग, यावेळी वीसेक मिनिटं, आणि लगेच शिलाई मशीनच्या तेलाचा हात.

आता पिस्टन. पहिला का बिघडला ते सांगायला लाज वाटते. डायल टूल किती आत गेलं ते दाखवतो, व्यासातून त्याच्या दुप्पट जातं. हे मी वहीवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवलं होतं. दोन रेघा राहिल्या म्हणून दोन रेघा घेतल्या, आणि संपलं.

दुसऱ्याच्या वेळी दुप्पट काळजी घेतली. 16.05 हवा होता, म्हणजे व्यासात 10 मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) फट, केसाच्या जाडीचा सातवा-आठवा भाग. शेवटचा कट घेतला, बारीक पॉलिश पेपर लावला, मायक्रोमीटर लावला. बरोब्बर 16.05. मामांना हाक मारली. ते येईपर्यंत पिस्टन कापून वेगळा केला, पुसला. मामांनी तो तळहातावर घेतला, मायक्रोमीटर फिरवला आणि माझ्याकडे बघितलं.

"किती मापलंतासा?"

"16.05."

"ह्ये 16.043 हाय. गरम असताना मापलं व्हय?"

हो. पेपरने घासून घासून पिस्टन हाताला चटका बसेल इतका तापला होता. खोलीपेक्षा चाळीसेक अंश तरी वर. बिडाचा प्रसरणांक अंशाला साधारण 11 भाग दशलक्षात. गुणिले 16 मिलिमीटर, गुणिले 40. सात मायक्रॉन. लांबीचं प्रसरण हा अकरावीचा धडा. रेल्वेच्या रुळांतली फट, बैलगाडीच्या चाकावर चढवायची तापलेली धाव, हे सगळं मी तीस वर्षं घसा फोडून शिकवलं, आणि चटका बसत असताना मापलं! त्यात अरुंद फटीतली गळती फटीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. 10 च्या जागी 17 मायक्रॉन म्हणजे गळती जवळपास पाचपट. अंगठ्याला ते सूत्र न मांडताच समजलं होतं.

मामा हसले नाहीत. म्हणाले, "जॉब गार होऊ द्या, चा प्या, मग मापा."

तिसरा पिस्टन मुद्दाम मोठा ठेवला, म्हणून तो आत जाईना. मग पॉलिश पेपरचे चार फेरे, चहा, माप. पुन्हा चार फेरे, चहा, माप. आत टेलिस्कोपिक गेज लावून घेतलेलं माप दर वेळी एखाद-दोन मायक्रॉन वेगळं यायचं, तेव्हा शेवटचा निवाडा अंगठ्याचाच. पाचव्या चहाला पिस्टन सिलिंडरात शिरला, अर्ध्यावर थांबला, आणि मग हळूहळू, अगदी मन लावून उतरला. मी तो तेरा-चौदा वेळा तरी सोडून बघितला. नवऱ्याला बोलावून दाखवला. तो म्हणाला, "छान. खाली पडतोय."

बाकीचे पार्ट असेच, त्यातल्या त्यात सरळ झाले. फ्लायव्हील पितळेचं, क्रँक माइल्ड स्टीलचा, कनेक्टिंग रॉड ॲल्युमिनियमच्या पट्टीतून कानशीने घासून काढले. एक फ्लायव्हील डगमगत फिरायचं, ते आता गच्चीवर पापडांच्या कापडाला वजन म्हणून ठेवते.

गरम टोकाचा घोळ मात्र सांगायला हवा. नळी मी आधी सलग पितळेची केली होती, दिसायला देखणी. दिवा लावला, फ्लायव्हीलला टिचकी मारली, दहा-बारा फेरे झाले आणि थांबलं. पितळ उष्णता इतकी भराभर वाहून नेतं की मिनिटभरात गार टोकही हात लावू देईना. दोन्ही टोकं सारखी तापली तर कार्नो काय करणार? गरम टोक पातळ स्टेनलेस स्टीलच्या नळीचं केलं. स्टेनलेस उष्णता नेण्याच्या बाबतीत आळशी, इथे तेच हवं. गार टोकाला ॲल्युमिनियमच्या चकत्या लावल्या. हिशेब केला, गरम टोक 300 अंश आणि गार टोक 50 धरलं तर कार्नोच्या सूत्राने कार्यक्षमता 44 टक्के. प्रत्यक्षात एक टक्का निघाला तरी गल्लीत पेढे वाटीन.

तरी चालेना. फेरे घ्यायचं, दमायचं. दोन दिवस गळती शोधत बसले. शेवटी पिस्टन काढला आणि गंज नको म्हणून लावलेलं शिलाई मशीनचं तेल दिसलं. पातळ तेल, पण दहा मायक्रॉनच्या फटीत तेच चिकट. स्पिरिटच्या बोळ्याने पिस्टन आणि सिलिंडर कोरडे केले. बिडातलं ग्रॅफाइट पुरेसं आहे.

दिवा लावला. मिनिटभर थांबले. टिचकी मारली, एक फेरा, अडलं. मग सहज उलट्या दिशेने टिचकी मारली आणि ते धावायलाच लागलं. डिस्प्लेसर पिस्टनच्या 90 अंश पुढे असावा लागतो. क्रँक बसवताना पुढे कुठलं आणि मागे कुठलं यात मी गफलत केली होती. असू दे, उलटं तर उलटं.

मामांना बोलावलं. ओट्यावर इंजिन पळत होतं, फ्लायव्हीलच्या आऱ्या दिसत नव्हत्या, आवाज मांजर गुरगुरल्यासारखा. मामा खाली वाकले, बराच वेळ कान लावून उभे राहिले.

"म्याडम, कुठंतरी घासतंय."

दिवा विझवला. क्रँकपिन काढून ठेवली आहे. गार होऊ दे, मग मापते.