मोज्याची आई: चिंगीच्या खोट्या गरोदरपणाचा माझा अनुभव

आमची कुत्री चिंगी कपाटामागच्या सांदीत शिरून फरशी उकरत होती. दीड वर्षाची पोर, एरवी दाराची कडी वाजली तरी धावत येणारी, पण त्या दिवशी चार हाका मारल्या तरी बाहेर येईना. वाकून पाहिलं तर लेकीचा निळा मोजा पुढच्या दोन पायांमध्ये घेऊन ती तो चाटत होती. एका लयीत, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. मोजा अगदी चिंब झाला होता. मी हात पुढे केला आणि ती गुरगुरली. घरातल्या माणसावर ती त्याआधी कधीच गुरगुरली नव्हती.

आधीचे दोन-तीन दिवस ती जेवण अर्धवट टाकत होती, रात्री उठून घरभर फिरत होती, मध्येच बारीक आवाजात कण्हत होती. मला वाटलं, पोट बिघडलंय. त्या संध्याकाळी पोटावरून हात फिरवला तेव्हा सड सुजल्यासारखे लागले, आणि एका सडातून पांढरा थेंब माझ्या बोटावर आला.

सासूबाई म्हणाल्या, "अगं, ही गाभण तर नाही ना?"

माझ्या पोटात गोळाच आला. तिच्या माजाच्या दिवसांत एकदा फाटक उघडं राहिलं होतं. पाचच मिनिटं, पण राहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "माजावर कधी आली होती?" नशिबाने मी कॅलेंडरवर खूण केली होती. बरोबर आठ आठवडे झाले होते. त्यांनी पोट चाचपलं, ताप पाहिला आणि सोनोग्राफी केली. पिल्लं नव्हती. गर्भाशयात पू किंवा पाणीही नव्हतं, आणि हे दुसरं पाहणं तितकंच गरजेचं होतं. गर्भाशयात पू होण्याचा आजार माजानंतरच्या याच आठवड्यांत डोकं वर काढतो आणि वेळेत उपचार झाले नाहीत तर जिवावर बेततो. खूप पाणी पिणं, मलूल पडून राहणं, ताप, उलट्या, खालून घाण वासाचा स्राव, यातलं काहीही दिसलं तर एक दिवससुद्धा थांबू नका. 'खोटं गरोदरपण असेल' हा निष्कर्ष घरच्या घरी काढू नये, असं मी आता प्रत्येकाला सांगते.

मग डॉक्टरांनी कारण समजावलं. कुत्र्यांमध्ये मीलन होवो वा न होवो, माजानंतर सुमारे दोन महिने शरीर प्रोजेस्टेरॉन हे गर्भ टिकवणारं हार्मोन बनवत राहतं. खऱ्या गाभणपणाचे दिवसही साधारण ६३च. त्या सुमारास प्रोजेस्टेरॉन उतरतं, प्रोलॅक्टिन हे दुसरं हार्मोन वाढतं, आणि प्रोलॅक्टिन वाढलं की दूध येतं, जागा उकरणं सुरू होतं, जे हाती लागेल ते पिल्लू म्हणून सांभाळलं जातं. "ती नाटक करत नाहीये," त्या म्हणाल्या. "तिच्या शरीराच्या हिशेबाने ती व्यायली आहे."

हे ऐकून मला रडू आलं, कारण माझ्या हातून काय झालं होतं ते तेव्हा लक्षात आलं. तिला बरं वाटावं म्हणून मी सकाळी गरम पाण्यात बुडवलेल्या फडक्याने सड शेकले होते आणि थोडं दूध पिळून काढलं होतं. डॉक्टर शांतपणे म्हणाल्या, "काढाल तितकं येत राहील. शेकू नका, चोळू नका, पिळू नका." तिचं स्वतःचं चाटणंही तेच करत होतं. म्हणून लेकीचा जुना टी-शर्ट तिला चढवला. पुढचे पाय बाह्यांतून बाहेर काढले आणि उरलेलं कापड पाठीवर गाठ मारून घट्ट केलं. रात्री मात्र तोंड पोटापर्यंत पोचू नये म्हणून गळ्यात प्लास्टिकचा कोन घालावा लागला, कारण अंधारात ती ती गाठ दातांनी सोडवायची.

मोज्याचं काय करायचं? हिसकावून घ्यायचा नाही, रागवायचं नाही, ती फिरायला गेली की गुपचूप उचलून ठेवायचा, असं ठरलं. सांदीच्या तोंडाशी खोकं लावलं. त्या रात्री तिने मोजा शोधला. खोक्याभोवती हुंगत फिरली, सोफ्याखाली डोकं घातलं, मग माझ्या अंथरुणापाशी येऊन नुसती उभी राहिली. लेक म्हणाली, "आई, दे ना गं तिला." माझा हात खरंच कपाटाकडे गेला होता. पण तो दिला असता तर उद्या पुन्हा पहिल्यापासून. मी पट्टा घेतला आणि रात्री साडेअकराला तिला घेऊन बाहेर पडले. अर्धा तास हुंगत चालली, परत आली आणि झोपली.

त्या दिवसांत मी तिला तीनदा फिरवत होते, घरात खाऊ लपवून शोधायला लावत होते. लाड केले ते कानामागे आणि मानेवर, पोटाला हात नाही.

बऱ्याच जणींचं हे दोन-तीन आठवड्यांत आपोआप ओसरतं. चिंगीचं सहाव्या दिवशीही दूध गळत होतं आणि मागचा एक सड टणक लागत होता. तो लाल किंवा गरम नव्हता, म्हणजे संसर्ग नव्हता, पण डॉक्टरांनी प्रोलॅक्टिन कमी करणारं कॅबरगोलिन सुरू केलं, वजनावर मोजून, दिवसातून एकदा. पहिल्या डोसनंतर तिला उलटी झाली. घरात आधीचं उलटीचं मेटोक्लोप्रामाइड होतं, ते देण्याआधी फोन केला हे बरं झालं. ते औषध कॅबरगोलिनच्या नेमकं उलट काम करतं. पुढचे डोस जेवणाबरोबर दिले, उलटी झाली नाही. पाचव्या दिवशी सड मऊ पडले आणि चिंगीने कित्येक दिवसांनी चेंडू आणून माझ्या पायावर टाकला.

एकदा पिल्लं होऊ द्या म्हणजे पुन्हा होणार नाही, असं मला तिघांनी सांगितलं. डॉक्टरांनी ते साफ नाकारलं. पिल्लं झाली तरी पुढच्या कुठल्याही माजानंतर हे परत होऊ शकतं. मग आत्ताच ऑपरेशन करून टाका, असा मीच धोशा लावला, तर त्यालाही नकार. अंगावर दूध असताना गर्भाशय आणि अंडाशय काढले तर हीच अवस्था लांबू शकते. माजापासून तीन-चार महिने जाऊ द्यायचे, सगळं सुकू द्यायचं.

चौथ्या महिन्यात गेलो. डॉक्टरांनी टेबलावर तिला आडवं करून एकेक सड हलकेच दाबून पाहिला. सगळे कोरडे होते. "आता तारीख ठरवू," त्या म्हणाल्या.