दहा मासे, एक वर्तुळ

शाळेच्या अमृतमहोत्सवी स्मरणिकेत मी पोस्टातल्या नोकरीविषयी लिहीन, असे माझ्या वर्गमैत्रिणींना वाटले असेल. ती नोकरी मी मनापासून केली. पण मला लिहायचे आहे ते ड्रॉईंगच्या तासाविषयी.

सर आम्हाला एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या सरकारी चित्रकला परीक्षांना बसवायचे. शाळा सुटल्यावर थांबवून घ्यायचे. संकल्पचित्रासाठी वर्तुळ काढायचे, कंपासने त्याचे समान भाग पाडायचे आणि प्रत्येक भागात तेच पान, तोच मासा हुबेहूब बसवायचा. एक मासा जरा जाड झाला तरी सर खोडायला लावत. सावंतवाडीचे चित्रकार सा. ल. हळदणकर जलरंगात कुठवर पोहोचले हे ते अभिमानाने सांगत. मॅट्रिकनंतर सर आमच्या घरी आले आणि बाबांना म्हणाले, "हिला मुंबईला जे. जे. कलाशाळेत पाठवा." घरची परिस्थिती तशी नव्हती. मी पोस्टात लागले.

निवृत्त झाल्यावर एका पाहुणीला राजवाडा दाखवायला घेऊन गेले होते. दरबार हॉलमध्ये कारागीर गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेले गोल पत्ते, रंगवत बसले होते. सावंतवाडीत जन्म गेला, चितारआळीतली लाकडी खेळणी रोज पाहिली, पण गंजिफा इतक्या जवळून कधी पाहिली नव्हती. बंद पडत आलेली ही कला सावंतवाडीच्या राजघराण्यातील शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी याच वाड्यात पुन्हा उभी केली. तिथेच विचारले, "मला शिकवाल?"

दशावतारी गंजिफेत १२० पाने. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंतची दहा पाने. जुन्या पद्धतीत चिंचोक्याच्या खळीने थर चिकटवायचे, खडूची पूड चढवायची, दगडाने घोटून गुळगुळीत करायचे, मग रंग आणि शेवटी लाखेचा हात. पान तळहाताहूनही लहान आणि गोल. खेळ दिवसा असेल तर रामाच्या राजापासून सुरू होतो, रात्री असेल तर कृष्णाच्या. हे ऐकल्यावर माझा नातूही शेजारी येऊन बसू लागला.

मला शिकवणारी मुलगी माझ्या लेकीहून लहान. मी तिला ताई म्हणते, ती मला काकी. पहिल्यांदा किनारीची रेघ ओढताना मी श्वास रोखून बसले होते. ती म्हणाली, "काकी, श्वास धरू नकात. रेघ आपसूक येता." आणि खरेच आली.

राजाचे पान सगळ्यांना आवडते, त्यात चेहरा आहे, दागिने आहेत. मला मात्र मत्स्याची दश्शी जास्त अवघड वाटते आणि जास्त आवडते. एवढ्याशा गोलात दहा मासे, सगळे एका मापाचे, कुणाचे शेपूट कुणाला लागता कामा नये. बारीक ब्रशने अंग, मग कल्ल्याची वळणदार रेघ, सगळ्यात शेवटी डोळा. डोळ्याचा ठिपका जरा सरकला तर मासा भलतीकडेच बघतो. पहिली दश्शी हातात आली तेव्हा गोलाचे भाग कसे पाडायचे हे मला कुणी सांगावे लागले नाही. ताईने विचारले, "आधी खंय शिकलात?" मी शाळेचे नाव सांगितले.

विशीत मी हे काम करू शकले असते की नाही, सांगता येत नाही. तेव्हा हाताला घाई होती. आता एका पानावर दोन दोन दिवस बसते आणि उठावेसे वाटत नाही. माझा पत्त्यांचा पहिला पूर्ण डाव गेल्या दिवाळीत रंगवून संपला.

शाळेला एक विनंती आहे, आणि ती मी कळकळीने करते. परीक्षा जवळ आली की ड्रॉईंगचा तास गणिताला किंवा इंग्रजीला दिला जातो असे ऐकते. तो देऊ नये. आठवीच्या मुलामुलींना शनिवारी दुपारी गंजिफा शिकवायला मी येईन. कोरी पाने, रंग, ब्रश मी आणते. शाळेने फक्त उजेडाची एक खोली द्यावी.