बाचक्याची गाठ : मराठवाड्यातील तीन छोटे प्रयोग

पुण्यात राहून प्रायोगिक नाटके पाहण्याची मला इतकी सवय झाली आहे की, साठ-सत्तर खुर्च्या, काळे पडदे आणि प्रयोगानंतरची चर्चा एवढे जमले म्हणजे नाटक झाले, असे मी धरूनच चालतो. मी मूळचा लातूरचा. तरीही गावाकडे जाऊन नाटक पाहावे, असे इतक्या वर्षांत एकदाही सुचले नव्हते. गेल्या डिसेंबरात आठवडाभराची रजा मिळाली, तेव्हा छत्रपती संभाजीनगर, परभणी आणि अंबाजोगाई अशी वाट धरून, मिळतील ते छोटे प्रयोग पाहायचे ठरवले.

संभाजीनगरला नाटकाची परंपरा थोडीथोडकी नाही. मिलिंद महाविद्यालयात म. भि. चिटणीसांचे ‘युगयात्रा’ खुद्द डॉ. आंबेडकरांच्या उपस्थितीत झाले होते. विद्यापीठाच्या नाट्यशास्त्र विभागाने कितीतरी नट घडवले. प्रशांत दळवी आणि चंद्रकांत कुलकर्णी यांची ‘जिगीषा’ ही नाट्यसंस्थाही इथलीच. मात्र मुंबईची देवगिरी एक्स्प्रेस रोज रात्री सुटते आणि इथला रंगकर्मी आज ना उद्या तिच्यात बसतोच, असे एका तरुण प्रकाशयोजनाकाराने मला हसत हसत सांगितले. त्याचाच प्रयोग मी एका घराच्या गच्चीवर पाहिला. तीसेक प्रेक्षक शाली पांघरून बसले होते, दोन पात्रे होती आणि हालचाली घोटून घोटून बसवलेल्या होत्या. नाव ठेवायला जागा नव्हती, पण हेच नाटक मी पुण्यात पाच वेळा, वेगवेगळ्या नावांनी पाहिले आहे, ही भावना शेवटपर्यंत सरली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या तपोवन एक्स्प्रेसने परभणी गाठली. तिथे राज्य नाट्य स्पर्धेची प्राथमिक फेरी चालू होती. हौशी संघांच्या दृष्टीने ही स्पर्धा म्हणजे वर्षाचा सण. नोकरी, शेती, दुकान सांभाळून महिना-दीड महिना तालीम करायची आणि एका संध्याकाळी सगळे पणाला लावायचे. अडचण अशी की, दोन अंकी पूर्ण लांबीचे नाटक आणि नेपथ्याचे वेगळे बक्षीस म्हटल्यावर, ज्यांच्याजवळ टेम्पोच्या भाड्याचे पैसे नसतात तेही दिवाणखाना उभारतात. मी पाहिलेल्या नाटकात सोफा होता, जिना होता, खरोखरीचे दारही होते. पहिल्या अंकात घरी परतणाऱ्या वडिलांना ते दार उघडेना. बाहेरून दोन-तीन धक्के ऐकू आले, भिंत थरथरली, मग क्षणभर शांतता पसरली आणि वडील स्वयंपाकघरातून हातात बॅग घेऊन प्रवेशते झाले. आईचे काम करणाऱ्या बाईंनी मानही न वळवता “आज मागच्या दाराने आलात का?” असे विचारले, तेव्हा प्रेक्षागृहाने त्या संध्याकाळची सर्वांत मनापासूनची टाळी दिली.

मध्यंतरात चहाच्या टपरीवर तेच वडील, मेकअप तसाच ठेवून, कुणाला तरी झापत होते : “कोण लावली रे कडी? मी तिथं हुबा राहून येडा झालो की!” त्या एका वाक्यात जो ताल होता, तो त्यांच्या दोन अंकांतल्या एकाही वाक्यात नव्हता. रंगमंचावर ते ‘मला असं वाटतं, सुनंदा’ अशा भाषेत बोलत होते, जी त्यांच्या घरात कुणी बोलत नसणार. ही सक्ती त्यांच्यावर कोणत्याही नियमाने केलेली नाही. नाटकाची भाषा म्हणजे पुण्या-मुंबईची भाषा, हे आम्हीच लहानपणापासून मुकाट्याने मान्य केले आहे; शाळेच्या गॅदरिंगमध्ये मीही तसाच बोलत असे.

परभणीहून गंगाखेड, परळी करत एसटीने अंबाजोगाईला पोहोचायला दुपार झाली. वाटेत उसाच्या ट्रॅक्टरांमागे बस इतक्या वेळा अडकली की, संध्याकाळच्या नाटकाचा विषय ऊसतोड हाच निघावा, हा योगायोग मला थोडा जास्तच वाटला.

प्रयोग एका शाळेच्या वर्गात होता. मराठी प्रायोगिक नाटकाला शाळा काही परकी नाही; दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहातच एक अख्खी चळवळ वाढली. इथे मात्र सभागृहही नव्हते. बाके भिंतीशी रचलेली, जमिनीवर सतरंजी, उजेडाला दोन हॅलोजन आणि कोपऱ्यात जर्मनचे पातेले पुढ्यात घेऊन बसलेला एक मुलगा, जो त्यावर बोटांनी कधी पावसाचा तर कधी ट्रकचा आवाज काढत होता. नटी एकच होती. उसाला निघायच्या आदल्या रात्री एक बाई बाचके बांधते, एवढेच कथानक. पीठ, तिखट, दोन लुगडी, पोराची पाटी असे एकेक आत जाते. मग पोरगा शाळेसाठी आजीजवळ राहणार असे ठरते आणि पाटी पुन्हा बाहेर येते. नवरा-बायको मिळून मुकादमाच्या वहीत एक ‘कोयता’ धरला जातो, उचल घेतली की हंगामभर ती फेडायची आणि एक दिवस बसून राहिले तर खाडा, म्हणजे दंड, पडतो, हे सगळे तिने भाषण न करता, पीठ मोजता मोजता सांगितले. पदर डोक्यावर घेतला की सासू, खांद्यावर टाकला की मुकादम. पैठणच्या एकनाथांच्या भारुडांतून चालत आलेली ही रीत तिला शिकवावी लागली असेल, असे वाटत नव्हते. भाषा आजूबाजूच्या खेड्यांतलीच होती आणि एकही शब्द हशा मिळवण्यासाठी वापरलेला नव्हता.

शेवटाकडे तिने बाचक्याला गाठ मारली. तेवढ्यात पहिल्या ओळीतल्या एक आजी, नाटक चालू आहे याचा अजिबात मुलाहिजा न ठेवता म्हणाल्या, “आशी नसती बांधीत माय, रस्त्यात सुटंल की.” पातेल्यावरची बोटे थांबली. परभणीत दाराने दगा दिला तेव्हा नटांनी प्रेक्षकांपासून प्रसंग लपवला होता, इथे नटीने आजींकडे पाहिले, शांतपणे गाठ सोडली, पुन्हा बांधली आणि त्यांच्याकडे बघत विचारले, “आता?” आजी म्हणाल्या, “आता जा.” मग ट्रक आला आणि हॅलोजन विझले.

चर्चा वगैरे काही झाली नाही. लोक चपला शोधत बाहेर पडले. मी लातूरची शेवटची बस गाठण्यासाठी निघालो, तेव्हा ती मुलगी आजींच्या शेजारी सतरंजीवर मांडी घालून बसली होती आणि आजी तिचे बोट धरून कापडाचे टोक नेमके कुठून ओढायचे ते दाखवत होत्या. तिला ते दुसऱ्या खेपेलाही जमले नव्हते.